शहरातील सायकलस्वार : कायदा, शिस्त आणि सुरक्षितता

भारतातील नागरी वाहतुकीची चर्चा बहुधा मेट्रो, उड्डाणपूल आणि मोटारींची वाढती संख्या यांभोवती फिरते. सायकलचा उल्लेख झालाच तर तो पर्यावरण किंवा आरोग्य यांच्या संदर्भात होतो. प्रत्यक्षात सायकल हे देशातील कष्टकऱ्यांचे कामावर जाण्याचे एक प्रमुख साधन आहे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळता अन्य व्यवसायांत काम करणाऱ्यांच्या प्रवासाची माहिती प्रथमच गोळा करण्यात आली. त्यानुसार या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे अडीच कोटींहून अधिक लोक सायकलने कामावर जात होते. हे प्रमाण स्वयंचलित दुचाकीने जाणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक होते. मोटार, जीप किंवा व्हॅनने जाणाऱ्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते. त्याच जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती.

बांधकाम मजूर, सुरक्षा रक्षक, दूध व वृत्तपत्रे पोहोचवणारी मुले, कारखान्यातील कंत्राटी कामगार आणि शाळकरी विद्यार्थी हा शहरातील सायकलस्वारांचा मोठा वर्ग आहे. सायकलमुळे त्यांचे बसभाडे वाचते. मात्र या बचतीबरोबर धोकाही येतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांत सुमारे ४,८०० सायकलस्वार होते. एकूण मृतांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत असल्याने त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. परंतु सायकलमुळे इतरांना पोहोचणारा धोका नगण्य असताना सायकलस्वार मात्र इतरांच्या वेगाला बळी पडतो, ही या आकड्यामागील खरी विषमता आहे. कुटुंबातील एकमेव कमावत्या व्यक्तीचा असा मृत्यू संपूर्ण कुटुंबाला दारिद्र्यात ढकलू शकतो.

सायकलस्वाराला कोणता कायदा लागू होतो, त्याची कर्तव्ये व हक्क कोणते, सुरक्षित सायकल चालवण्याच्या पद्धतींमागे कोणती कारणे आहेत आणि या बाबतीत शासनसंस्थेची जबाबदारी किती, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनात्मक चौकट

सायकलविषयक कायदा विखुरलेला का आहे, याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. यांत्रिक शक्तीने चालणारी वाहने हा विषय समवर्ती सूचीतील नोंद ३५ मध्ये येतो. त्यामुळे संसदेने मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा संपूर्ण देशासाठी एकच कायदा केला. यांत्रिक शक्तीने न चालणारी वाहने मात्र राज्यसूचीतील नोंद १३ मध्ये समाविष्ट आहेत. पोलीस आणि स्थानिक शासन हे विषयही राज्यसूचीतच येतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन तसेच रस्ते व पूल हे विषय नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा कार्यांत नमूद आहेत.

याचा परिणाम असा की, एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीसाठी देशभर समान नियम आहेत. सायकलसाठीचे नियम मात्र राज्याचा पोलीस कायदा, पोलीस आयुक्तांच्या अधिसूचना आणि महानगरपालिकेचे उपविधी यांत शोधावे लागतात. पूर्वी अनेक शहरांत सायकलसाठी नगरपालिकेचा बिल्ला घ्यावा लागे, रात्री दिव्याविना सायकल चालवल्यास दंड होई आणि ‘डबल सीट’ जाणाऱ्यांना पोलीस अडवत. ही सर्व व्यवस्था स्थानिक नियमांवर आधारलेली होती. पुढे मोटारींची संख्या वाढली, तसे वाहतूक नियमनाचे लक्ष मोटारींकडे वळले.

मोटार वाहन अधिनियम आणि सायकल

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २ (२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या संज्ञेची व्याख्या आहे. त्यानुसार रस्त्यावर वापरण्याजोगे यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन म्हणजे मोटार वाहन होय. पायाने चालवायची सायकल या व्याख्येत बसत नाही. म्हणून सायकलसाठी अनुज्ञप्ती, नोंदणी किंवा विमा यांची आवश्यकता नाही. कलम १२९ मधील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलसाठी आहे. तीही सायकलस्वाराला लागू होत नाही.

विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या बाबतीत परीक्षार्थींनी एक भेद लक्षात घ्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारची निर्धारित शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरीविना वजन ६० किलोग्रॅमच्या मर्यादेत असेल, तर काही अटींवर असे दुचाकी वाहन मोटार वाहन मानले जात नाही. या मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनाला मात्र नोंदणी, विमा व अनुज्ञप्ती हे सर्व लागू होते. दुकानदाराने त्याला ‘सायकल’ म्हटल्याने कायद्याची स्थिती बदलत नाही.

या अधिनियमाने सायकलस्वारावर थेट कर्तव्ये लादली नसली, तरी त्याच्या रक्षणाची जबाबदारी मोटारचालकावर टाकली आहे. २०१७ च्या मोटार वाहन (चालन) विनियमांनी १९८९ च्या रस्ताविषयक विनियमांची जागा घेतली. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग या असुरक्षित रस्ता-वापरकर्त्यांची चालकाने विशेष काळजी घ्यावी, असे हे विनियम सांगतात. पदपथ व सायकलमार्ग यांवर मोटार वाहन नेण्यासही मनाई आहे.

सायकलस्वाराची कर्तव्ये

मोटार वाहन कायदा लागू नाही म्हणजे कोणताच कायदा लागू नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक मार्गावर मानवी जीवित धोक्यात येईल अशा बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ चालवणाऱ्याला लागू होते. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये होती. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवल्यास संहितेचे कलम १०६ सायकलस्वारालाही लागू होऊ शकते. सायकलच्या धडकेने एखादा वृद्ध पादचारी जखमी झाल्यास भरपाई देण्यासाठी विमा कंपनी नसते. ती जबाबदारी थेट सायकलस्वारावर येते.

राज्यांच्या पोलीस कायद्यांतही महत्त्वाच्या तरतुदी आहेत. उदाहरणार्थ, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ९९ नुसार रस्त्याने वाहन हाकताना डावी बाजू धरणे आणि त्याच दिशेने जाणाऱ्या वाहनाला उजवीकडून मागे टाकणे आवश्यक आहे. या अधिनियमातील ‘वाहन’ या संज्ञेत सायकलचा समावेश होतो. कलम ३३ अन्वये वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार पोलीस प्रशासनाला आहे. म्हणजेच एकेरी मार्ग, प्रवेशबंदी किंवा चौकातील पोलिसाचा इशारा यांतून सायकलस्वाराला सूट नाही.

काही मार्गांवर सायकलला पूर्ण मनाई असते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबईतील वांद्रे–वरळी सागरी सेतू ही परिचित उदाहरणे आहेत. अतिवेगवान वाहतुकीच्या मार्गावर अशी मनाई समर्थनीय ठरते. शहराच्या सामान्य रस्त्यांवर मात्र तिचा परिणाम वेगळा होतो. कोलकाता येथे २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी जाहीर झाली आणि टीकेनंतर ही संख्या ६२ वर आणण्यात आली. ज्यांच्याकडे दुसरे परवडणारे साधन नाही, अशा दूधवाल्यांवर आणि फेरीवाल्यांवर या निर्णयाचा भार पडला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेल्या संचारस्वातंत्र्यावर आणि व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. तथापि पर्यायी मार्ग न देता घातलेली बंदी कितपत वाजवी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

सुरक्षित पद्धती आणि त्यामागील कारणे

सुरक्षित सायकल चालवण्याचे नियम पाठ करण्यापेक्षा त्यांमागील तर्क समजून घेणे अधिक उपयुक्त आहे.

पहिला नियम म्हणजे वाहतुकीच्या दिशेनेच, डाव्या बाजूने जाणे. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून अनेक जण उलट दिशेने सायकल चालवतात. समजा, सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि मोटारीचा ताशी ४० किलोमीटर आहे. दोन्ही एकाच दिशेने जात असतील, तर त्यांच्या वेगातील फरक २५ किलोमीटर राहतो. समोरासमोर येत असतील, तर तो ५५ किलोमीटर होतो. परस्परांत ६० मीटर अंतर असताना पहिल्या स्थितीत मोटारचालकाला साडेआठ सेकंद मिळतात, दुसऱ्या स्थितीत चार सेकंदही मिळत नाहीत. शिवाय उपरस्त्यावरून डावीकडे वळणारा चालक आपल्या उजवीकडून येणारी वाहने पाहत असतो. डावीकडून, म्हणजे उलट दिशेने येणाऱ्या सायकलकडे त्याचे लक्ष नसते.

दुसरा नियम रस्त्यावरील जागेचा आहे. डावी बाजू धरणे याचा अर्थ अगदी काठाला चिकटून जाणे असा नव्हे. काठाशी खडी, गटाराच्या जाळ्या व खड्डे असतात; ते चुकवण्यासाठी सायकल अचानक उजवीकडे वळते आणि मागील वाहनाच्या वाटेत येते. काठापासून अर्धा ते एक मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत जाणारी सायकल मागील चालकाला नीट दिसते आणि तिच्या हालचालीचा अंदाजही येतो. उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना किमान एक मीटर अंतर ठेवावे, कारण मोटारीचे दार केव्हाही उघडू शकते. रेल्वे किंवा ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत, अन्यथा पुढचे चाक खाचेत अडकते.

तिसरा नियम अवजड वाहनांविषयी आहे. बस किंवा ट्रकच्या चालकाला आपल्या वाहनाच्या डाव्या बाजूचा आणि लगतच्या पुढील-मागील भागाचा बराचसा अंश दिसत नाही. असे वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डाव्या फटीतून पुढे सरकणारा सायकलस्वार नेमका या चाकांखाली सापडण्याचा संभव असतो. अशा वेळी ट्रकच्या मागे थांबणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

चौथा नियम वळण्याचा आहे. उजवीकडे वळण्यापूर्वी मागे पाहावे, उजवा हात आडवा धरून इशारा द्यावा आणि रस्ता मोकळा असल्यासच हळूहळू मध्याकडे यावे. रहदारी मोठी असेल तर चौक सरळ ओलांडून पलीकडे थांबावे आणि तेथून पुढच्या सिग्नलबरोबर उजवीकडची वाट धरावी. सायकलवरून उतरून पादचारी पट्ट्यावरून ती हातात धरून नेणे हाही चांगला पर्याय आहे. पदपथावरून सायकल चालवू नये. तेथे पादचाऱ्याच्या तुलनेत सायकलस्वारच धोकादायक ठरतो.

पाचवा नियम दिसण्याचा आहे. पहाटे व रात्री प्रवास करणाऱ्या कामगारांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पुढे पांढरा व मागे लाल दिवा, चाकांवर व पॅडलवर परावर्तक आणि फिकट रंगाचे कपडे हे अल्प खर्चाचे उपाय आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींवरील परावर्तक साधनांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्याचा लाभ नव्या सायकलींना होतो; जुन्या सायकलींवर परावर्तक पट्ट्या चिकटवण्याचे काम शाळा, कारखाने आणि वाहतूक पोलीस सहज करू शकतात.

सायकलची देखभाल हाही सुरक्षिततेचा भाग आहे. दोन्ही ब्रेक, टायरमधील हवा, चेन आणि घंटी यांची तपासणी नियमित करावी. पावसात रिम ओली झाल्याने ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वेग आधीच कमी करावा. हँडलला पिशव्या अडकवू नयेत. ओझे मागील कॅरिअरवर घट्ट बांधावे. कानात इयरफोन घालून किंवा एका हातात मोबाइल धरून सायकल चालवू नये, कारण मागून येणाऱ्या वाहनाची पहिली सूचना आवाजानेच मिळते. हेल्मेट सक्तीचे नसले तरी पडल्यावर डोक्याला होणारी इजा कमी करण्यासाठी ते वापरणे हिताचे आहे.

अपघातानंतरचे हक्क

सायकल मोटार वाहन नसली, तरी मोटारीच्या धडकेत जखमी झालेल्या सायकलस्वाराला मोटार वाहन अधिनियमाचे संरक्षण मिळते. कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. धडक देणारे वाहन पळून गेल्यास २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार मिळतात. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या परोपकारी व्यक्तीला कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे.

येथे शिस्तीचे आर्थिक मूल्यही स्पष्ट होते. कलम १६६ खालील दाव्यात जखमीचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास भरपाईची रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते. उलट दिशेने जाणाऱ्या किंवा दिव्याविना अंधारात जाणाऱ्या सायकलस्वाराचा दावा त्यामुळे कमकुवत होतो. या हक्कांची माहिती ज्यांना सर्वाधिक आवश्यक आहे, त्या वर्गापर्यंत ती पोहोचलेली नाही, ही मोठी उणीव आहे.

रस्त्यावरील जागेचे अर्थकारण

केवळ सायकलस्वाराच्या शिस्तीवर सुरक्षितता अवलंबून ठेवता येत नाही. अर्थशास्त्रात ज्या खर्चाचा भार तो निर्माण करणाऱ्यावर न पडता इतरांवर पडतो, त्याला बाह्य परिणाम म्हणतात. मोटारीच्या वेगाचा लाभ मोटारचालकाला मिळतो, परंतु त्या वेगाच्या जोखमीचा मोठा भाग सायकलस्वार आणि पादचारी उचलतात. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या वाहनाची ऊर्जा सुमारे पावणेतीन पट असते. त्यामुळे जेथे वेग कमी ठेवणे शक्य आहे तेथे तो कमी ठेवणे आणि जेथे शक्य नाही तेथे सायकलसाठी स्वतंत्र मार्ग देणे, ही नियोजनाची दोन मूलभूत सूत्रे ठरतात.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या गतिशीलतेला प्राधान्य देण्याची भूमिका घेतली. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून काही शहरांत सायकलमार्ग बांधले गेले. २०२० मध्ये स्मार्ट शहर अभियानांतर्गत सायकलविषयक स्पर्धा झाली. तिच्यातील विजेत्या ११ शहरांत नागपूर व पिंपरी-चिंचवड यांचा समावेश होता. पुणे महानगरपालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतंत्र सायकल आराखडा मंजूर केला.

तथापि अनुभव संमिश्र आहे. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या मार्गावर बससाठी राखीव मार्गिका आणि सायकलसाठी स्वतंत्र मार्ग देण्यात आला. मोटारचालकांच्या विरोधानंतरही २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो बंद करण्याची मागणी अमान्य केली. पण २०१६ मध्ये हा मार्ग मोडून टाकण्यात आला. अनेक शहरांत सायकलमार्ग तुटक आहेत, त्यांवर वाहने उभी असतात आणि ज्या चौकात धोका सर्वाधिक तेथेच ते संपतात. असा मार्ग वापरला जात नाही आणि मग वापर नाही म्हणून त्याच्यावरील खर्च निरर्थक ठरवला जातो.

या पार्श्वभूमीवर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. कलम १३८ (१अ) ने यांत्रिक शक्तीने न चालणारी वाहने व पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. कलम १९८ अ नुसार रस्त्याच्या रचनेतील वा देखभालीतील विहित मानकांचे पालन न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कलम १३८ (१अ) खालील नियम सहा महिन्यांच्या आत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. सायकल स्वस्त होणे स्वागतार्ह आहे. तथापि ती चालवण्याजोगा रस्ता उपलब्ध नसेल, तर या सवलतीचा लाभ मर्यादितच राहील.

समारोप

कलम १३८ (१अ) खालील नियमांमुळे सायकलविषयक विखुरलेल्या तरतुदी एकत्र आणण्याची संधी राज्यांना मिळाली आहे. या नियमांत सायकलस्वाराची कर्तव्ये स्पष्ट शब्दांत असावीत. त्याचबरोबर सलग सायकलमार्ग, चौकांची सुरक्षित रचना, वर्दळीच्या वस्त्यांत वेगमर्यादा आणि सायकलमार्गावरील अतिक्रमणासाठी दंड यांचीही तरतूद असावी. केवळ कर्तव्यांची यादी केली, तर गरीब कामगाराला दंड करण्याचे आणखी एक साधन निर्माण होईल. शाळांच्या पातळीवर सायकल प्रशिक्षण आणि कारखान्यांच्या दारात हक्कांची माहिती देणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. पहाटे कामावर निघालेला मजूर संध्याकाळी सुखरूप घरी परतणे, ही नागरी वाहतूक व्यवस्थेच्या यशाची एक साधी आणि विश्वासार्ह कसोटी आहे.